ट्रेमोलो आर्म सारखा तुटतो? नवा मागवायच्या आधी हे मोजा

नमस्कार मंडळी, जळगावहून. आजचा विषय बोटाएवढा आहे, पण लग्नसराईत ऑर्केस्ट्रावाल्यांचा जीव खातो.

[तुटलेला आर्म कॅमेऱ्यासमोर]

हा स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारचा ट्रेमोलो आर्म, म्हणजे वाजवताना सूर खाली-वर करायचा दांडा. तुटलाय कुठे बघा. वळणाच्या बाकावर नाही, टोकाला नाही. आटे संपून गुळगुळीत दांडा सुरू होतो, बरोबर त्या रेषेवर. माझ्याकडे येणारे बहुतेक आर्म इथंच गेलेले असतात. आणि आणणाऱ्याची मागणीही ठरलेली: "भो, जरा जाड दे ना एखादा, न तुटणारा."

जाडीचं नंतर बघू. आधी तुटलेलं तोंड जवळून बघा.

[क्लोजअप]

अर्धा भाग काळपट आहे, गंजाची झाक असलेला, बऱ्यापैकी सपाट. उरलेला चकचकीत, रवाळ. काळा भाग जुना. तिथे बारीक चीर आधीच पडली होती, घाम आत गेला, गंज चढला. चकचकीत तेवढाच भाग त्या दिवशी तुटला. वाजवणाऱ्याला वाटतं, शेवटच्या गाण्यात जोरात डाइव्ह मारला, म्हणजे आर्म दाबून सूर खाली नेला, म्हणून गेला. तो बिचारा कधीपासून तुटत होता! बाइंडिंग वायर तोडताना आपण कुठे जोर लावतो? इकडून तिकडे वाकवत राहतो. तेच झालंय.

आणि इकडून तिकडे वाकायला त्याला जागा मिळते, कारण तो भोकात लूज असतो. प्रत्येक वेळी आधी डुगडुगतो, मग एका आट्यावर टेकतो, आणि सगळा भार त्या एका खाचेत उतरतो. त्यामुळे मजबूत आर्म हवा असेल, तर पहिली अट नीट बसण्याची. धातू कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता माप. ऑनलाइन लिहिलेलं असतं, 'सर्व स्ट्रॅट गिटारना बसेल'. अजिबात विश्वास ठेवू नका. १९५४ मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली, तेव्हापासून रचना तीच आहे: वर ब्रिजची (तारा टेकतात त्या भागाची) प्लेट, खाली धातूचा ब्लॉक, मागे स्प्रिंगा, आणि आर्म त्या ब्लॉकमध्ये आट्यांनी बसतो. पण आटे सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकन फेंडरला १०-३२, म्हणजे इंचाचं माप, इंचात ३२ आटे. आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारना एम-५ किंवा एम-६, म्हणजे मिलिमीटरचं माप, ५ किंवा ६ मिमी जाडीचे आटे.

गोची पहिल्या दोघांत आहे. १०-३२ ची जाडी ४.८३ मिलिमीटर, एम-५ ची ५. दोन आट्यांमधलं अंतर एकाचं ०.७९४, दुसऱ्याचं ०.८. आट्यांमधलं अंतर तपासायचं पिच गेज लावून हा फरक कळणार नाही. त्यामुळे १०-३२ चा आर्म एम-५ च्या भोकात मस्त फिरत जातो, गिऱ्हाईक खूश होतो, आणि पहिल्या दिवसापासून तो लूज असतो. उलटं केलं, एम-५ चा आर्म १०-३२ च्या भोकात पिळला, तर तीन-चार फेऱ्यांत अडकतो. तिथे ताकद लावणाऱ्यांनो, हात जोडून सांगतो, थांबा. ब्लॉकचे आटे जातील.

घरी ओळखायचं कसं? हार्डवेअरच्या दुकानातून एम-५ आणि एम-६ चा एकेक नट आणा. जुन्या आर्मवर फिरवा.

[नट फिरवून दाखवणे]

हा बघा, एम-५ चा नट. आत गेला, पण बोटाने हलवला की असा डुलतोय. व्हर्नियर काय म्हणतो? ४.७७. आट्यांचं माप नावापेक्षा किंचित कमीच भरतं, त्यामुळे ४.८ च्या आसपास आलं तर १०-३२ चा संशय घ्या, ४.९ च्या वर गेलं तर एम-५. झिजलेल्या भागावर मोजू नका, अगदी टोकाचे किंवा वरचे कोरे आटे शोधा. एम-६ ला तर शंकाच राहत नाही.

दुसरी गोष्ट ब्लॉक. मागचं झाकण उघडा आणि लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला, तर स्वस्त गिटारमध्ये बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव ब्लॉक. काहींना पितळी असतो, तो रंगावरून कळतो. जस्त मऊ असतं. त्यात कितीही कडक पोलादी आर्म घाला, हलत राहिला तर आता आर्म नाही तुटणार, ब्लॉकचे आटे खाल्ले जातील. तुटणं नुसतं एका भागातून दुसऱ्यात सरकवलं. आणि आर्मपेक्षा ब्लॉक महाग.

मग एम-५ चा ब्लॉक, आटे गेलेले, काय करायचं? इथे एक फार सोयीची गोष्ट आहे. एम-६ चा टॅप मारायला, म्हणजे भोकात आटे पाडायला, आधी ५ मिमीचं ड्रिल लागतं. ते ड्रिल एम-५ चे जुने आटे बरोबर साफ करून टाकतं. म्हणजे त्याच भोकात एम-६ चे ताजे आटे. प्लेटचं भोकही तेवढं मोठं करावं लागतं, आणि भोकाभोवती ब्लॉकची भिंत पुरेशी जाड आहे ना, हे आधी बघायचं. पातळ ब्लॉक असेल तर नाद सोडा, पोलादी ब्लॉक आणि त्याच्या मापाचा आर्म एकत्रच घ्या.

फायदा किती? आट्यांच्या तळाशी एम-५ चा गाभा साधारण ४ मिमी उरतो, एम-६ चा पावणेपाचच्या पुढे. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. हिशोब केला तर त्याच धातूचा एम-६ दीडपटीहून जास्त भार घेतो. जाड आर्म मागणारा अगदीच चुकत नव्हता, फक्त तो जाडी दांड्यात शोधत होता. दांडा तर सहसा तुटतच नाही.

आता मनासारखा आर्म मिळाला नाही तर? आपल्या खान्देशात लेथवाल्यांची कमी नाही. जळगावची एमआयडीसी आहे, धुळे-भुसावळला आहेत, आणि केळीच्या पट्ट्यात पंपाचे शाफ्ट करणारे तर गावोगाव. त्यांना आर्म म्हणजे काय हे समजावू नका. 'सहा मिमीचा दांडा, एका टोकाला एम-६ चे आटे' एवढं सांगा, जुना नमुना हातात द्या.

धातू? स्वस्त आर्मला बहुधा साधं एमएस, म्हणजे मऊ पोलाद असतं. तुम्ही ईएन-८ मागा, ते त्याहून मजबूत पोलाद, लेथवाल्याला ते रोजचं आहे. घाम जास्त येत असेल तर एसएस ३०४, म्हणजे स्टेनलेस स्टील, सहसा गंजत नाही, पण आटे पाडणाऱ्या डायला त्रास देतं आणि लेथवाला कुरकुर करतो. करू द्या.

एम-५ हवा असेल तर मात्र सहाचा दांडा टोकाला पाचवर उतरवावा लागतो. तिथे पायरी तयार होते. ती काटकोनात ठेवली तर चीर तिथूनच सुरू होणार. म्हणून आधीच सांगायचं, "दादा, कोपऱ्यात रेडियस मारा," म्हणजे कोपरा गोलसर ठेवा. एवढं एक वाक्य विसरू नका, महागड्या धातूपेक्षा ते जास्त कामाचं.

बाक देताना ईएन-८ लाल करून वाकवला, तर हवेतच निवू द्या. लोहारकामाची सवय असलेला माणूस चर्रकन पाण्यात बुडवतो. तसं झालं की तो भाग कडक होतो आणि ठिसूळही. आणि प्लेटिंग करणार असाल तर आट्यांना टेप गुंडाळून द्या, थर चढला की आर्म भोकात जात नाही.

तुकडा ब्लॉकमध्ये अडकलाय त्यांच्यासाठी पटकन. घाबरू नका, लूज आर्मचा तुकडाही बहुधा लूजच असतो. स्प्रिंगा काढा, प्लेटचे तीन स्क्रू काढून ब्लॉक मोकळा करा, तुकड्यावर बारीक चीर पाडा आणि चपट्या स्क्रूड्रायव्हरने उलटा फिरवा. हट्टी असेल तर रात्रभर तेल सोडा.

नवा आर्म बसवताना नळवाल्यांची पांढरी टेप आट्यांवर एक-दोन वेढे. डुगडुग जाते. ब्रिजच्या पुढचे सहा स्क्रू गच्च आवळलेले असतील तर सैल करा, ब्रिजला झुलायला जागा हवी, नाहीतर तो सगळा जोर आर्मवर येतो. ब्रिज लाकडाला टेकवून ठेवला असेल तर आर्म वर ओढू नका, तो वर जाणारच नाहीये. आणि एसटीत, टेम्पोत गिटार टाकायच्या आधी आर्म काढून खिशात ठेवा. बॅगेत लावलेला आर्म स्टेजपेक्षा प्रवासातच जास्त मार खातो.

फ्लॉइड रोज या वेगळ्या पद्धतीच्या ट्रेमोलोवाले विचारतील, आमचं काय? तुमचा आर्म ब्लॉकमध्ये आट्यांनी बसत नाही, प्लेटवरच्या कॉलरमध्ये बसतो. तो हलायला लागला तर आधी आतले वॉशर बदला, आर्म बहुतेक वेळा ठीकच असतो.

कमेंटमध्ये नुसतं 'माझ्या गिटारला कोणता बसेल' असं लिहू नका. दोन्ही नट फिरवून बघा, चुंबक लावा, आणि काय दिसलं ते लिहा. मग नेमकं सांगता येईल.