फोनला पत्ता देतं कोण?

नमस्कार मंडळी, आज वायफायबद्दल बोलू. स्पीडबद्दल नाही हं, ते रडगाणं रोजचंच आहे. पासवर्ड टाकल्यावर फोनवर क्षणभर 'आयपी अॅड्रेस मिळवत आहे' असलं काहीतरी झळकतं, आपण ते वाचतही नाही, पण सगळी गंमत तिथंच आहे. आयपी अॅड्रेस म्हणजे नेटवर्कवरचा फोनचा पत्ता.

फोन नेटवर्कवर नवखा, त्याला स्वतःचा पत्ता नाही आणि राऊटरचाही माहीत नाही, मग तो करतो काय तर 255.255.255.255 या सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या पत्त्यावर हाक मारतो, आणि स्वतःच्या पत्त्याच्या जागी चक्क 0.0.0.0 लिहितो. राऊटर म्हणतो, 192.168.1.23 रिकामा आहे, देऊ का? फोन पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो की हाच द्या, कारण तिथं देणारे दोघं असले तर दुसऱ्याला कळायला नको का, की आपला नंबर नाही लागला! मग राऊटर म्हणतो, दिला. झालं. चार निरोप, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

याला म्हणतात डीएचसीपी. 1993 साली आलं. त्याआधी 1985 पासून बूटपी होतं, पण त्यात कुठल्या मशीनला कुठला पत्ता ही यादी माणसानं आधीच भरून ठेवायची. पन्नास मशीनचं ऑफिस असेल तर बसा टायपत.

आता खरी मेख. हा पत्ता कायमचा मिळत नाही, भाड्यानं मिळतो, आपल्या अकरा महिन्यांच्या करारासारखा, फक्त मुदत काही तासांची किंवा दिवसांची. फोन इतका शहाणा की निम्मी मुदत सरली की आपणहून वाढवून मागतो. उत्तर नाही आलं तर साडेसत्त्याऐंशी टक्के मुदत उलटल्यावर मिळेल त्या सर्व्हरकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कुठल्याही यंत्राकडे, मागतो.

समजा एखाद्या मंगल कार्यालयात लग्न आहे, राऊटरकडे वाटायला शंभरच पत्ते आहेत आणि मुदत ठेवलीय 24 तास. सकाळी नाष्टा करून गेलेल्या पाहुण्यांचे पत्ते संध्याकाळपर्यंत अडकून पडतात, रिसेप्शनला आलेला माणूस मात्र फोन हातात घेऊन उभा, सिग्नल फुल आणि कनेक्ट काही होत नाही, मग सगळे कंपनीच्या नावानं शंख करतात, बिचाऱ्या कंपनीचा काय संबंध? मुदत तासाभराची केली असती तरी भागलं असतं.

कंप्युटरवर पत्ता 169.254 नं सुरू झालेला दिसला तर समजायचं की हाकेला कुणी ओ दिलीच नाही, मशीननं आपलं आपणच काहीतरी लावून घेतलंय. अशा वेळी आधी वायर आणि राऊटर बघा, विंडोज नव्यानं टाकायला धावू नका.

आणि एक उपद्व्याप घरोघरी होतो, जुना राऊटर दुसऱ्या खोलीत रेंजसाठी जोडतात, त्याच्या लॅन पोर्टात वायर खुपसतात, आणि तोही पत्ते वाटायला बसतो. मग काही फोनना हा राऊटर पत्ता देतो, काहींना तो, आणि प्रिंटर कधी सापडतो कधी गायब. जुन्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आधीचा पत्ता बदला, दोघांचा एकच नको, आणि मग त्याचं डीएचसीपी बंद करा. प्रिंटरला मात्र मुख्य राऊटरमध्ये एक पत्ता राखून ठेवा, त्या सेटिंगला बहुतेक ठिकाणी रिझर्व्हेशनच म्हणतात.