नाव विचारायचं कुणाला? आतल्या डीएनएसचं काम फायरवॉलकडे देताना

(पुण्यातल्या छोट्या-मध्यम कंपन्यांची नेटवर्क सांभाळणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, भोसरी एमआयडीसीतला पन्नास-साठ पीसींचा कारखाना घ्या. टॅलीचा सर्व्हर १९२.१६८.१०.२० वर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, दोन-तीन प्रिंटर आणि चाकणला गोदाम. सगळे आयपी (यंत्रांचे नेटवर्कवरचे पत्ते) पाठ असलेला माणूस एकच. कुणीतरी प्रत्येक पीसीवर होस्ट्स फाइल, म्हणजे कुठल्या नावाचा कुठला आयपी याची यादी, भरून ठेवलेली असते. सर्व्हरचा आयपी बदलला की प्रत्येक टेबलापाशी जाऊन ती बदलत बसा. नावावरून आयपी सांगायचं हे काम, म्हणजेच डीएनएस, फायरवॉलला (नेटवर्कच्या दारावरच्या राखणदार यंत्राला) द्यायचं ते एवढ्याचसाठी, की तो आधीच प्रत्येक व्हीलॅनचा (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागाचा) गेटवे, म्हणजे बाहेर जायचा रस्ता, असतो आणि डीएचसीपीही, म्हणजे पीसींना आयपी आणि डीएनएसचा पत्ता वाटायची सेवा, बहुधा तोच देतो.

आधी डोमेन, म्हणजे आतल्या नावांचा शेवटचा भाग, ठरवा. '.लोकल' घेऊ नका. २०१३ पासून ते मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवलंय. त्यामुळे मॅकसारखी यंत्रं असं नाव डीएनएस सर्व्हरला न विचारता थेट नेटवर्कवर पुकारतात, आणि मग 'विंडोजवर उघडतं, मॅकवर नाही' ही तक्रार येते. 'होम.आर्पा' २०१८ पासून घरातल्या नेटवर्कच्या नावांसाठी आहे, '.इंटर्नल' २०२४ मध्ये खासगी नावांसाठी राखीव झालं. पण कंपनीचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याचंच एखादं सबडोमेन घ्या. आतल्या सर्व्हरला सगळे ब्राउझर मानतील असं सर्टिफिकेट मिळतं, हा मोठा फायदा.

पीएफसेन्स या फायरवॉलमध्ये 'डीएनएस रिझॉल्व्हर', म्हणजे अनबाउंड हा डीएनएस प्रोग्राम, चालू करायचा आणि 'होस्ट ओव्हरराइड'मध्ये होस्ट, डोमेन, आयपी भरायचा. मग डीएचसीपीत डीएनएस म्हणून त्याच व्हीलॅनवरचा फायरवॉलचा पत्ता द्यायचा. डीएचसीपीच्या ऑप्शन १५ मध्ये डोमेन टाकलं की नुसतं 'टॅली' टाइप केलं तरी चालतं. फोर्टिगेट या फायरवॉलमध्ये 'डीएनएस डेटाबेस' हा मेनू आधी 'फीचर व्हिजिबिलिटी'तून दिसता करावा लागतो. झोन (एका डोमेनच्या नोंदींचा संच) तयार केल्यावर इंटरफेसवरची सर्व्हिस 'रिकर्सिव्ह' ठेवा. 'फॉरवर्ड टू सिस्टिम डीएनएस' ठेवलंत तर तो तुमच्या नोंदींकडे बघतही नाही. आणि झोन कंपनीच्या मुख्य डोमेनचाच असेल तर 'ऑथॉरिटेटिव्ह' बंद करा. नाहीतर जे नाव त्या झोनमध्ये नाही ते अस्तित्वातच नाही, असं तो सांगतो आणि ऑफिसमधून स्वतःच्याच कंपनीची वेबसाइट उघडत नाही.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. डीएचसीपीत पहिला डीएनएस फायरवॉल आणि दुसरा ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस), 'असू दे, बॅकअप म्हणून'. तो बॅकअप नसतो. फायरवॉलचं उत्तर जरा उशिरा आलं की पीसी दुसऱ्याला विचारतो, आणि गूगलला तुमचं टॅली कुठून माहीत असणार? तो 'असं नाव नाही' म्हणतो. पीसीच्या लेखी हे पक्कं उत्तर आहे, बिघाड नव्हे. ते तो कॅशमध्येही (तात्पुरत्या साठ्यात) ठेवतो. सकाळी टॅली उघडतं, दुपारी उघडत नाही, रीस्टार्ट केलं की परत उघडतं. लोक केबल बदलत बसतात. दुसरा डीएनएस द्यायचाच असेल तर आतली नावं जाणणारा द्या, नाहीतर रकाना रिकामा ठेवा.

चाकणची नावं चाकणच्याच डीएनएसला विचारायची असतील तर 'डोमेन ओव्हरराइड', म्हणजे 'या डोमेनचे प्रश्न त्या सर्व्हरला विचार' अशी नोंद, लागतो. इथे आयपीसेक टनेल (इंटरनेटवरून दोन ऑफिसं जोडणारी सुरक्षित वाट) असला की हमखास अडकायला होतं. पीसीवरून 'एनएसलुकअप' या कमांडने चाकणच्या सर्व्हरला थेट विचारलं की उत्तर येतं, फायरवॉलमार्फत विचारलं की 'सर्व्हफेल' (उत्तर मिळवता आलं नाही). वॅनवर, म्हणजे फायरवॉलच्या इंटरनेटकडच्या बाजूला, पॅकेट कॅप्चर (जाणाऱ्या-येणाऱ्या डेटाची नोंद) लावा: चाकणच्या १९२.१६८.२०.५ कडे निघालेली क्वेरी (प्रश्न) टनेलमध्ये न जाता उघडी इंटरनेटकडे चाललेली दिसेल. फायरवॉल स्वतः प्रश्न विचारतो तेव्हा सोर्स म्हणून वॅनचा पत्ता लावतो, आणि टनेलची पॉलिसी फक्त लॅन ते लॅन, म्हणजे एका ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपासून दुसऱ्याच्या आतल्या नेटवर्कपर्यंत, असते. पीएफसेन्समध्ये रिझॉल्व्हरचा आउटगोइंग इंटरफेस लॅन करा. फोर्टिगेटमध्ये झोनला लॅनचा सोर्स आयपी द्या. त्यानंतर 'रिफ्यूज्ड' (नकार) आलं तर खूश व्हा, क्वेरी पोचली! चाकणचा सर्व्हरही अनबाउंडच असेल तर त्याच्या ॲक्सेस लिस्टमध्ये भोसरीचं सबनेट टाकायचं राहिलंय, एवढंच.

एरर न येता उत्तरच रिकामं आलं तर तिसरंच कारण शोधा. पब्लिक डीएनएसच्या नोंदीत खासगी पत्ता आला तर रीबाइंडिंगपासून (बाहेरच्या नावाला आतला पत्ता चिकटवून होणाऱ्या हल्ल्यापासून) बचाव म्हणून पीएफसेन्स तो गाळून टाकतो. ते डोमेन 'प्रायव्हेट-डोमेन' म्हणून नोंदवलं की पत्ता येऊ लागतो.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजची लॉगिनं एका जागी सांभाळणारी व्यवस्था) असेल तिथे मात्र हा आग्रह धरू नका. पीसींचा डीएनएस डोमेन कंट्रोलरच, म्हणजे त्या व्यवस्थेचा सर्व्हरच, हवा, कारण लॉगिनसाठी लागणारे एसआरव्ही रेकॉर्ड (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर ते सांगणाऱ्या नोंदी) त्याच्याकडे असतात. कंट्रोलरने बाहेरची नावं फायरवॉलला विचारावीत.

पीएफसेन्समध्ये डीएचसीपी लीज (ठरावीक काळासाठी दिलेला आयपी) आपोआप डीएनएसमध्ये नोंदवायची सोय आहे. जुन्या आयएससी डीएचसीपी प्रोग्रामबरोबर ती चालू केली की प्रत्येक नव्या लीजला अनबाउंड रीस्टार्ट होतो; शिफ्ट बदलताना शंभर मोबाइल वायफायवर आले की नेट अडखळतं. सर्व्हर-प्रिंटरच्या नोंदी हाताने करा, मोबाइलना नावं कशाला हवीत?

मायक्रोटिक राउटर वापरणाऱ्यांनी 'अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स' (इतर यंत्रांचे डीएनएस प्रश्न घ्यायची परवानगी) चालू केल्याबरोबर वॅनवरून येणारं डीएनएसचं पोर्ट ५३, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, बंद आहे ना ते पाहावं. नाहीतर तुमचा राउटर जगाचा डीएनएस होतो आणि दुसऱ्यांवरच्या हल्ल्यांत वापरला जातो.