सोडा दात किती झिजवतो?

नमस्कार श्रोतेहो. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा चिमूटभर घ्या आणि दोन बोटांत चोळून पाहा. खरखर लागते ना? म्हणूनच सोड्याच्या टूथपेस्टचं नाव निघालं की पेशंट मला पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, दात झिजणार नाहीत ना?" ही भीती उगाच आलेली नाही. राखुंडी, कोळशाची पूड, विटेची भुकटी यांनी दात घासणारी माणसं आपल्या घरांतच होऊन गेली. पण बोटाला लागणारी खरखर म्हणजे झीज नव्हे. झीज मोजावी लागते, आणि ती मोजायची रीत मला आजही थक्क करते.

दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं टणक कवच असतं. त्याच्या आतलं डेंटिन बरंच मऊ. हिरडी खाली सरकली की मुळाकडचं हे डेंटिन उघडं पडतं आणि तेच लवकर झिजतं, म्हणून मुख्य मोजमाप डेंटिनवर करतात. त्यासाठी काढून टाकलेल्या मानवी दातांची मुळं अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवतात. त्यामुळे दातातला थोडा फॉस्फरस किरणोत्सारी होतो. मग ती मुळं यंत्रात बसवायची, पेस्ट पाण्यात कालवून ओतायची आणि 150 ग्रॅम भार दिलेला ब्रश त्यांच्यावर 1500 वेळा फिरवायचा. डेंटिनचे निघालेले सूक्ष्म कण त्या पाण्यात उतरतात. पाण्यातला किरणोत्सार मोजला की डेंटिन किती निघालं ते कळतं. हा फॉस्फरस साधारण 14 दिवसांत निम्मा विरतो, त्यामुळे सगळं काम घाईनं उरकावं लागतं.

तुलनेसाठी कॅल्शियम पायरोफॉस्फेटची एक ठरलेली पूड असते. तिची झीज 100 धरायची आणि बाकी सगळं त्या हिशेबात सांगायचं. या आकड्याला आर.डी.ए. म्हणतात. जॉन हेफेरेन यांनी 1976 साली ही पद्धत नीट मांडली. आंतरराष्ट्रीय मानकानुसार टूथपेस्टची वरची मर्यादा 250 आहे.

आणि नुसता खाण्याचा सोडा? त्याचा आकडा 7 च्या आसपास सांगतात! कारण साधं आहे. काठिण्याच्या मोजपट्टीवर सोडा 2.5 वर येतो, म्हणजे आपल्या नखाइतका. डेंटिन 3 च्या जवळपास, इनॅमल 5. शिवाय सोडा पाण्यात विरघळतो, त्यामुळे तोंडात लाळ सुटली की त्याच्या कणांचे कोपरे बोथट होत जातात. विटेच्या भुकटीचं तसं होत नाही.

पण खोक्यावर 'बेकिंग सोडा' वाचून निर्धास्त होऊ नका. त्याच पेस्टमध्ये सिलिका, म्हणजे सोड्यापेक्षा जास्त घासणारी पूडही असू शकते, आणि मग आकडा सोड्याचा राहत नाही, मिश्रणाचा होतो. खोक्यावर हा आकडा सहसा छापलेला नसतो, म्हणून घटकांची यादी वाचा. दुसरं, घरचा कोरडा सोडा फ्लोराइड देत नाही. ज्यांचे दात किडतात त्यांनी फ्लोराइडची पेस्ट सोडून सोडा धरू नये.

आणि एक कळकळीची विनंती. दात पांढरे करायला सोड्यात लिंबू पिळून घासू नका. लिंबाच्या आम्लानं दाताचा पृष्ठभाग मऊ होतो आणि मऊ पडलेल्या दातावर साधा ब्रशसुद्धा जास्त झीज करतो. सोडा थोडं आम्ल मारतो खरं, पण घरी अंदाजानं पिळलेल्या लिंबात किती आम्ल उरलं, हे कोण मोजणार?

प्रयोगशाळेतल्या ब्रशवर 150 ग्रॅम भार असतो. तुमच्या हाताचा किती आहे? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ब्रश टेकवून, रोज दाबता तसाच दाबून पाहा. मग आरशासमोर उभं राहा आणि वरच्या सुळ्याच्या बाहेरच्या बाजूला, हिरडीलगत, नख हलकेच फिरवा. नख कुठे खाचेत अडकलं, तर पेस्ट बदलण्याआधी दंतवैद्याला दाखवा. नमस्कार.