व्हॉल्व्ह गेला म्हणायच्या आधी

तर मंडळी, वापरलेला व्हॉल्व्ह, म्हणजे आवाज मोठा करणारी ती काचेची नळी, कुणाकडून तरी स्वस्तात आणायची, हेडफोन अ‍ॅम्पमधे बसवायचा, डाव्या कानात खरखर सुरू झाली की लगेच म्हणायचं गेला हा, फसवलं राव आपल्याला. थांबा की जरा. व्हॉल्व्हच दोषी आहे हे आधी सिद्ध तर करा.

पहिलं म्हणजे तोच हेडफोन मोबाईलला लावून बघा. नीट वाजला तर अ‍ॅम्पच्या मागे प्लेयरकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरी उलट लावा, खरखर दुसऱ्या कानात गेली तर लोचा वायरीत नाहीतर प्लेयरमधे, व्हॉल्व्हचा काही संबंध नाही. नाही हलली तर मग व्हॉल्व्हकडं वळा. बंद करून, प्लग काढून, गार होऊ द्या, कारण काच भाजते आणि आत कपॅसिटरमधे, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, बऱ्याच अ‍ॅम्पना शंभराच्या वरचा व्होल्टेज बंद केल्यावरही टिकून असतो, तेव्हा खालचं झाकण उघडायच्या भानगडीत नवख्यानं पडूच नये. प्रत्येक बाजूला एक व्हॉल्व्ह असेल तर अदलाबदल करा. दोष व्हॉल्व्हबरोबर पलीकडं गेला तर व्हॉल्व्ह, तिथंच राहिला तर अ‍ॅम्प किंवा सॉकेट.

आता कुणीतरी विचारणार, सर माझ्यात एकच आहे. बरोबर, ६डीजे८ काय, १२एयू७ काय, या नंबरांच्या व्हॉल्व्हमधे एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे आवाज वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात, एक डाव्या कानाचा एक उजव्या, मग अदलाबदल कशाची करणार? तिथं चांगला माहीत असलेला दुसरा व्हॉल्व्ह लावूनच बघावं लागतं. पण तो त्याच नंबरचा हवा हं! दोघांनाही नऊच पिना, बसतात पण एकमेकांच्या जागी, आणि इथंच घोळ होतो. ६डीजे८ चा हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, ४ आणि ५ नंबरच्या पिनेवर ६.३ व्होल्टचा, १२एयू७ चा त्याच दोन पिनांवर १२.६ चा, त्या तारेच्या मधोमध काढलेलं टोक ९ वर. म्हणजे ६.३ च्या सॉकेटात १२एयू७ लावला तर तो मिणमिणतो आणि लोक म्हणतात म्हातारा झालाय. उलटं केलं आणि ४-५ वर १२.६ आले तर ६डीजे८ चा हीटर जळालाच समजा.

सगळ्यात जास्त वेळा मला सापडते ती घाण. आपल्याकडं यंत्रमाग, हवेत कापसाचा तंतू, वर उन्हाळ्याचा फुफाटा, सगळं सॉकेटात जाऊन बसतं, आणि जुन्या पिना तर काळ्या पडलेल्याच असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पिना पुसा, वाळू द्या, व्हॉल्व्ह सॉकेटात चार-पाच वेळा आत-बाहेर करा, तिरका न करता, नाहीतर काचेत पिनेपाशी तडा जातो. अर्धी खरखर इथंच मिटते.

नाही मिटली तर काच बघा. टोकाला चांदीसारखा चकचकीत डाग असतो, त्याला गेटर म्हणतात, बेरियमचा, उरलीसुरली हवा तो शोषतो. तो पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलीय, तो व्हॉल्व्ह संपला, दुरुस्ती नाही. डाग ठीक आहे पण पेन्सिलीनं हलकं टिचकावलं की कानात टण्ण वाजतंय तर आतले भाग सैल झालेत, थोडं टण्ण सगळेच करतात, पण खुर्ची सरकवली तरी ऐकू येत असेल तर विकणाऱ्याला परत द्या.

आणि हे सगळं करताना महागडा हेडफोन लावू नका हो, जुना दोनशेवाला लावा. काही अ‍ॅम्प सुरू होताना धप्पकन डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, हेडफोनमधे सोडतात.