रमाबाईंचे चर्च कोणते?

हाय चर्च, लो चर्च, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथलिक. ही नावे पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात येतात. इंग्लंड-अमेरिकेत ज्या ज्या पंथांची माणसे भेटली ती सांगून, ख्रिस्ती देशांत मतांचे असे बाबेल (बायबलमधल्या बाबेलच्या बुरुजापाशी झालेल्या भाषांच्या गोंधळासारखा गोंधळ) माजलेले पाहून आपल्याला काय वाटले असेल याची कोणाला कल्पना यायची नाही, असे त्या लिहितात. आईकडून पुराणे शिकलेल्या आणि कलकत्त्याच्या विद्वानांकडून ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या या बाईंना मतामतांचा गलबला नवा नव्हता. एका ख्रिस्ताच्या नावाने तो चाललेला असेल, ही अपेक्षा मात्र नव्हती.

मराठी मुलखात त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्यापुढे असा पेच सहसा येत नसे. ज्या भागात जे मिशन, तेच त्याचे चर्च. अहमदनगर आणि आसपासच्या गावांत अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, वसईत पोर्तुगीज अमदानीपासून कॅथलिक. धर्मांतरामुळे घरचा उंबरा ज्याला बंद झाला, त्याच्या दृष्टीने मुलांची शाळा कोणती, लग्न कोण लावणार आणि शेवटी माती कोण देणार, हे प्रश्न पंथाच्या मतांपेक्षा मोठे होते. आणि त्यांची उत्तरे ज्या मिशनकडे असत, त्याच्या बाकावर तो रविवारी बसे. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही.

रमाबाईंची गोष्ट वेगळी पडली ती इथे. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इराद्याने त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वॉन्टेज या गावी, लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता होत्या. पत्रांतून रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. नाते मायेचे होते, आणि तरीही त्या पत्रांतला वाद आज वाचताना अंगावर येतो. जेराल्डिनबाईंचे म्हणणे असे की चर्चमध्ये आलेल्या माणसाने चर्चची शिकवण नम्रपणे स्वीकारावी. रमाबाई बायबल उघडून विचारीत, हे यात कुठे लिहिले आहे? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत आणि तो मांडणारा अथानेशियन मतांगीकार (श्रद्धेचे जुने जाहीरपत्र) त्यांच्या गळी उतरेना. भारतातल्या पुरोहितांचे जोखड महत्प्रयासाने मानेवरून काढले असताना दुसरे तसलेच जोखड घेण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी १८८५ साली स्पष्ट कळवून टाकले.

एक वाद क्रुसाचाही होता. त्यावर लॅटिन अक्षरे होती. आपल्याला किंवा आपल्या देशबांधवांना न कळणाऱ्या भाषेतला मजकूर कशासाठी, लॅटिनमध्ये असे काय आहे जे आपल्या संस्कृतात नाही, असा रमाबाईंचा सवाल होता. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टीत त्यांची कसोटी नेमकी सापडते, असे मला वाटते: पंथाचे नाव काय, यापेक्षा तेथे माझ्या विवेकावर हुकूम कोणाचा चालणार आणि देवाशी बोलताना मला कोणाची भाषा उसनी घ्यावी लागणार, हे त्या पाहत होत्या. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या होत्या, तेव्हा तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर भारतातल्या बिशपांचे मत मागवले गेले आणि ते प्रतिकूल आले, तेव्हा पुरुषांनी भरलेल्या सभा गाजवून आलेल्या या विदुषीला हा हुकूम किती झोंबला असेल, हे सांगायला नको.

अमेरिकेत मात्र पंथभेदाची अडचणच त्यांच्या कामी आली. १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या मदतीसाठी जी संस्था उभी राहिली, तिच्यात निरनिराळ्या पंथांची माणसे एकत्र बसली, आणि तिच्या पैशावर १८८९ साली मुंबईत विधवांसाठीचे शारदा सदन सुरू झाले. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळायचा राहिला. हा कौल त्यांनी कोणत्याही पंथाच्या पदरात टाकला नाही. निराधार स्त्रिया-मुलींसाठी त्यांनीच उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वेगवेगळ्या पंथांतून आलेल्या स्त्रिया काम करीत. १९०५ साली तेथील मुलींमध्ये प्रार्थनेची जी लाट उसळली, तिचा उल्लेख पेन्टेकोस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारी) मंडळी आजही आपल्या इतिहासात करतात, पण रमाबाई त्याही नावाखाली गेल्या नाहीत.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च-परंपरांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले, तेव्हा रमाबाईंना जाऊन ४८ वर्षे झाली होती. त्यानंतरही मेथडिस्ट, कॅथलिक आणि पेन्टेकोस्टल चर्चे आपापल्या जागी राहिली; पुण्यात नोकरीनिमित्त नव्याने आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला आजही पहिल्या रविवारी कोणत्या फाटकातून आत जायचे, हे ठरवावेच लागते.

शेवटची वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. खेड्यातल्या बाईला वाचता यावे, अशी साधी मराठी त्यांना हवी होती. मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या मुली खिळे जुळवीत, आणि आजारपणातही रमाबाई मुद्रिते तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. छापून पूर्ण झालेले बायबल १९२४ साली बाहेर पडले, आणि त्यात एकही लॅटिन ओळ कोणाला पाठ करावी लागणार नव्हती.