काजूच्या मोसमातली एक काडी
(वाळपईतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यात काजूचा आणि वणव्याचा मोसम एकच. बोंडू गळायला लागण्याआधी झाडाखालचं गवत, रानमोडीचं तण, पाचोळा काढावाच लागतो, नाहीतर बी दिसत नाही. हे सगळं ओढून एका कडेला ढीग घातला आणि काडी लावली की काम सकाळीच उरकतं. त्या काडीबद्दलच मला आज बोलायचं आहे.

मार्च 2023 तुम्ही कोणीच विसरला नसाल. ऐन शिगम्याच्या दिवसांत म्हादई अभयारण्यात सात्रे गावाच्या बाजूला आग दिसली आणि मग एकेका डोंगरावरून धुराच्या बातम्या येत गेल्या. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतायला आली. त्यांची मदत मोलाचीच होती. पण दाट झाडीखाली पाचोळ्यातून सरपटणारी आग वरच्या पाण्याने पुरती विझत नाही. शेवटी हिरव्या डहाळ्या घेऊन माणसांनाच चढावं लागतं.

आणि चढावरची आग फार वाईट. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकते, ते आधीच तापवून सुकवते आणि मग ते क्षणात पेटतं. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आग विझवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहायचं नाही. कितीही धीट असा, नाही म्हणजे नाही.

आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये वीज पडून रान पेटणं जवळजवळ नाहीच. पेटवतो तो माणूस. कधी बागायत साफ करताना, कधी मधाच्या पोळ्याला धूर देताना, कधी सावज उठवायला, तर कधी चोर्ल्याच्या वाटेवर चूल मांडून तशीच सोडून जाताना. सगळा दोष काजूवाल्यांच्या माथी मारणं मला पटत नाही. पण आपला वाटा आपण नाकारूही नये.

कोणी म्हणतं, गुडघाभर आग, झाडं तर उभी आहेत! माट्टीच्या झाडाची साल जाड आणि भेगाळलेली असते, ती तगते. बुंध्याशी उगवलेली बोटभर रोपं मात्र जातात, आणि उद्याचं रान तीच असतात. जागा उघडी पडली की तिथे गवत आणि रानमोडी माजते, पुढच्या उन्हाळ्यात तीच वाळते आणि आग आणखी सहज धरते. बांबरला निरंकाराच्या देवराईत जायफळाच्या कुळातली झाडं पाणथळीत मुळं वर काढून उभी आहेत. तिथे एकदा जा आणि ती मुळं जवळून बघा. ओलाव्यावर जगणाऱ्या अशा झाडांना विस्तवाची सवयच नाही.

कायदा जुना आणि स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 30 प्रमाणे अभयारण्यात आग लावणं किंवा अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवणं, पेटता सोडणं गुन्हा आहे. राखीव जंगलासाठी 1927 च्या भारतीय वन कायद्याचं कलम 26 आहे. पर्यटक शेकोटी पेटवताना दिसले तर त्यांना अडवायला संकोचू नका.

मग पाचोळ्याचं करायचं काय? बी वेचायची जागा मोकळी करा आणि काढलेलं सगळं चरात किंवा बांधाआड कुजवा. पावसात त्याचं खत होईल. मजुरी थोडी वाढते, हे खरं आहे. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला राखलेले मोकळे पट्टे, साफ करायला जशी वनखात्याला मजुरी लागते, तशी यासाठीही पंचायतीने आणि सरकारने मदत द्यावी, अशी माझी उघड मागणी आहे.

उपग्रहावरून आगीचा इशारा येतो. पण तो दिवसातून ठराविक वेळीच वरून जातो, आणि दाट पानांखालची लहान आग त्याच्या नजरेतून सुटू शकते. वाड्यावरच्या माणसाला धूर आधी दिसतो. दिसला की लगेच 101 लावा आणि जवळच्या वनरक्षकालाही कळवा. वाड्याचं नाव, गाडी कुठवर येते आणि पाणी कुठे आहे, एवढं सांगा. आग विझल्यावरही पडलेल्या ओंडक्यांच्या पोटात निखारा राहतो. दुसऱ्या दिवशी वारा सुटायच्या आत तिथे फेरी मारा आणि हात राखेच्या जवळ धरून बघा. ऊब लागली तर माती ओढा, पाणी घाला आणि थोड्या वेळाने पुन्हा बघा.