पाडकामाआधी जुन्या गल्लीचे फोटो काढताय? मग दाराचा एकटा फोटो काढू नका

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ खरं तर ठरलेला नव्हता. पण गेले काही आठवडे कमेंटमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. आमचा जुना भाग पुनर्विकासाला जातोय, पाडायच्या आधी फोटो काढून ठेवायचेत, कसे काढू? आणि त्यातच सध्या जुन्या दारांच्या रील्सची लाट आलीय. दार, कडी, रंगाचे पोपडे, मागे संथ संगीत, की लगेच पुढचं दार. रील्स देखण्या असतात, मीही थांबून बघतो. पण बघताना पोटात कालवाकालव होते. का होते, ते आज सांगायचंय.

आधी प्राथमिक गोष्टी भराभर उरकतो. मोबाईल चालतो का? चालतो. लेन्स पुसून घ्या. कॅमेरा असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, ठेवा. जास्तीची बॅटरी, जास्तीचं कार्ड. अंधाऱ्या जिन्यात ट्रायपॉड लागतोच. कॅमेऱ्यातली तारीख आणि वेळ तपासा. इमारतीच्या नोंदीसाठी पातळ ढगांचा दिवस चांगला, कारण अर्धी भिंत सावलीत बुडत नाही. कोरीवकामाला मात्र बाजूने येणारं तिरपं ऊन हवं, नाहीतर नक्षी सपाट दिसते. आणि जिथे माणसं राहतायत तिथे आधी विचारा. दार उघडं आहे म्हणजे आत बोलावलंय असं होत नाही.

इमारत मागे कलंडलेली दिसते, ही तक्रारही नेहमीची. आपण इमारतीचं वरचं टोक फोटोत बसवायला कॅमेरा वर करतो, म्हणून ते होतं. कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर ठेवा, मागे सरका, समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्याची खिडकी मिळाली तर फारच छान. खाली रस्ता जास्त आला तर येऊ द्या, तो नंतर कापता येतो. सॉफ्टवेअरने रेषा सरळ होतात, पण कडा कापल्या जातात, म्हणून चारी बाजूंनी जागा सोडून फोटो घ्या. झालं. यावर खूप व्हिडिओ आहेत, मी आणखी वेळ घेत नाही.

आता खरा मुद्दा. तुम्ही दाराचा सुंदर फोटो काढलात. ते दार कुठलं?

एक प्रसंग सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मी एका गल्लीत दोन दिवस फोटो काढत होतो. एकाला एक लागून सात घरं, एकाच काळात बांधलेली, बहुतेक एकाच सुताराच्या हातची. प्रत्येक घरात लाकडी जिना आणि जिन्याच्या तळाशी कोरलेला खांब. कुठे कमळ, कुठे पोपट. मी त्या खांबांच्या प्रेमातच पडलो. जवळ जाऊन, पार्श्वभूमी धूसर करून, एकेका खांबाचे दहा-दहा फोटो काढले. पुढच्या वर्षी गल्ली गेली. त्यानंतर एक आजी मला शोधत आल्या. त्यांचं सगळं बालपण त्या गल्लीत गेलेलं. म्हणाल्या, "बाळा, आमचा जिना दाखव." मी फोटो उघडले. पोपटाचे खांब तीन निघाले. आजींनी तिन्हींवर बोट ठेवलं, पुन्हा पहिल्यावर आल्या आणि मला विचारलं, "यातला आमचा कुठला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिथे उभा होतो, मीच ते फोटो काढले होते, आणि मला सांगता येत नव्हतं.

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे. तिला मी दुवा म्हणतो. कडीचा फोटो हवाय? आधी पूर्ण गल्ली, एका टोकाकडून. मग घराचा दर्शनी भाग, शेजारच्या दोन्ही घरांची थोडी-थोडी कड धरून. मग तळमजला, त्यात दार. मग दार. मग कडी. प्रत्येक जवळच्या फोटोतली गोष्ट त्याच्या आधीच्या फोटोत बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. आत शिरतानाही तेच. बाहेरून उंबरठा, उंबरठ्यावरून आतली खोली, खोलीतून जिना, मग खांब. साखळी तुटली की पुढचे सगळे फोटो अनाथ होतात.

यावर ठरलेली कमेंट येते. लांबचा फोटो घाण दिसतो हो, तारा लोंबतायत, गाड्या लावल्यात, जाहिरातींचे फलक आहेत. येऊ द्या ना ते सगळं! ते पुसून टाकायचा हट्ट मला मुळीच पटत नाही. १८६२मध्ये पॅरिस शहराने शार्ल मार्व्हिल नावाच्या माणसाला अधिकृत छायाचित्रकार नेमलं. ओस्मान या तिथल्या प्रशासकाच्या योजनेत जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते होणार होते, त्याआधी त्या टिपायच्या होत्या. मार्व्हिलने अशा रस्त्यांचे सव्वाचारशे फोटो काढले. ते नीट बघा. पुष्कळ वेळा तो कॅमेरा रस्त्याच्या लांबीला धरून लावतो. दोन्ही बाजूंची घरं, मधलं दगडी गटार, दुकानांच्या पाट्या, भिंतींवर चिकटवलेल्या जाहिराती, सगळं आपापल्या जागी. ग्लासगोमध्ये थॉमस अ‍ॅननने १८६८ ते १८७१ या काळात दाट वस्तीतले बोळ टिपले. ते काम त्याला वस्ती पाडायला नेमलेल्या सुधारणा मंडळानेच दिलं होतं. बोळ अंधारे, तेव्हा फोटो रसायन लावलेल्या काचेवर उमटायचा आणि ती काच ओली असतानाच घ्यावा लागे, एक्स्पोजर लांबलचक, म्हणून हललेली माणसं धुरकट उमटलीयत. वाळत घातलेले कपडे तसेच आहेत. ते कपडे काढून फोटो घेतला असता तर तिथे किती माणसं दाटीने राहायची, हे आज कळलं असतं का? तुमच्या फोटोतली वायर म्हणजे वीज कुठून आली त्याची नोंद आहे. राहू द्या ती.

आता हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने बघा, कारण काहींना वाटतं की मी आठवणींबद्दल बोलतोय. मी बांधकामाबद्दलही बोलतोय. पोलंडमधल्या वॉर्सा शहराचा जुना भाग दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांविरुद्धच्या १९४४च्या उठावानंतर ठरवून उद्ध्वस्त केला गेला. पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त नष्ट झाला. युद्धानंतर तो पुन्हा उभा राहिला आणि १९८०मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. कशाच्या आधारावर? अठराव्या शतकात बेलोत्तो या चित्रकाराने रंगवलेली शहराची दृश्यं होती, जुने फोटो होते, आणि तिथल्या तंत्रविद्यापीठातल्या वास्तुकलेच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी घराघरात जाऊन मापं घेऊन केलेली रेखाटनं होती. विचार करा, ते पुन्हा बांधणाऱ्या कारागिरांच्या हातात नुसते शंभर सुंदर दरवाजांचे फोटो दिले असते तर? कुठलं दार कुठल्या भिंतीत, जमिनीपासून किती उंच, खिडकी त्याच्या डावीकडे की उजवीकडे? दार बसवायला भिंत लागते आणि भिंतीला शेजार लागतो. म्हणून दुवा. आणि म्हणूनच मोजपट्टी. जवळच्या एका तरी फोटोत कडेला फूटपट्टी धरा. चौकट चार बोटं जाड आहे की वीतभर, हे नुसत्या फोटोवरून कुणालाही सांगता येत नाही.

तिसरी बाजू. दहा वर्षांनी कुणीतरी तुमचा फोटो घेऊन त्याच जागी उभा राहील. आधी आणि नंतर असे जोडफोटो तुम्हाला आवडतात ना? ते बहुतेक वेळा का जुळत नाहीत माहितेय? लोक झूम कमी-जास्त करत बसतात. झूमने फक्त फोटोची चौकट लहान-मोठी होते. वस्तूंचं एकमेकांशी नातं ठरतं ते तुम्ही कुठे उभे आहात यावर. जवळचा खांब आणि मागचं धुराडं घ्या. एक पाऊल डावीकडे सरकलात की धुराडं खांबामागून बाहेर येतं. जुन्या फोटोत ते जिथे दिसतं तिथेच दिसेपर्यंत सरकत राहायचं, मग जागा सापडते. पण त्यासाठी फोटोत जवळचं काही आणि लांबचं काही, दोन्ही लागतं. दाराच्या एकट्या फोटोत यातलं काहीच नसतं. म्हणून गल्लीचा फोटो घेताना मी मुद्दाम असं काहीतरी आत घेतो जे पाडकामानंतरही राहील. देवळाचं शिखर, मनोरा, डोंगराची रेघ, चौकातलं जुनं झाड. बाकी सगळं गेलं तरी त्यावरून जागा सापडते.

गल्ली फार अरुंद आहे, मागे सरकताच येत नाही, हाही प्रश्न होता. अतिरुंद लेन्सने एकाच फोटोत सगळं कोंबू नका, कडेची घरं ताणली जातात. समोरच्या भिंतीला पाठ लावा, एक फोटो घ्या, दोन पावलं बाजूला सरका, पुढचा घ्या. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग परत यायला हवा. साठ ते ऐंशी टक्के आला तर पुढे त्यातून त्रिमितीय प्रतिकृतीही करता येते. फक्त एक गोष्ट, एका जागी उभं राहून गोल फिरू नका. पाय हलले पाहिजेत. जागा बदलल्याशिवाय कुठली गोष्ट किती पुढे-मागे आहे ते मोजता येत नाही. ही कल्पना नवी नाहीये बरं. १८५८मध्ये मायडेनबाउअर हा जर्मन वास्तुविशारद वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना वरून पडता पडता वाचला. भिंतीवर चढून मापं घेण्याऐवजी फोटोवरून मोजता येईल का, हा विचार त्याच्या डोक्यात बसला. पुढे १८८५मध्ये बर्लिनला याच कामासाठी सरकारी संस्था उभी राहिली.

पडण्यावरून आठवलं, आणि हे मी अगदी काकुळतीला येऊन सांगतोय. पाडकाम सुरू झालेल्या इमारतीत शिरू नका. शिकागोमध्ये रिचर्ड निकेल नावाचा छायाचित्रकार होता. लुई सलिव्हन या वास्तुविशारदाच्या इमारती पाडल्या जात होत्या तेव्हा त्याने वर्षानुवर्षं त्यांचे फोटो काढले, नक्षीचे तुकडे वाचवले. एप्रिल १९७२मध्ये शिकागो स्टॉक एक्स्चेंजची इमारत पाडली जात असताना तो आत गेला आणि वरचं बांधकाम त्याच्यावर कोसळलं. त्याचा मृतदेह सापडायला जवळजवळ महिना लागला. त्या इमारतीचं शेअरच्या खरेदी-विक्रीचं दालन नंतर तिथल्या कलासंग्रहालयात पुन्हा उभारलं गेलं. ते बघायला तो नव्हता. फोटो हुकला तर हुकू द्या. मागच्या व्हिडिओखाली एका मुलाने अर्ध्या तुटलेल्या जिन्यावर उभं राहून काढलेल्या फोटोबद्दल लिहिलं होतं, मी त्याला उत्तरही दिलंय. बाळा, परत जाऊ नकोस.

आता नोंद. अमेरिकेत १९३३पासून ऐतिहासिक इमारतींचं जे सरकारी सर्वेक्षण चालतं, त्यात फोटो एकटा जात नाही. मोजून केलेली रेखाटनं, फोटो आणि लेखी माहिती असा तिघांचा संच असतो. आपण निदान तीन ओळी तरी लिहूया. कुठे उभा होतो, कुठल्या दिशेला तोंड होतं, किती तारखेला. घड्याळ तपासा असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठी. मोबाईल जागा आपोआप नोंदवतो, हे खरं. पण अरुंद गल्लीत ती जागा पाच-दहा मीटर सहज चुकते, आणि पाच मीटरवर शेजाऱ्याचं घर असतं. शिवाय फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला की तो लहान होतो आणि आतली ही माहिती निघून जाते. मूळ फाइल जपा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आणि निवडक फोटो चांगल्या कागदावर छापून घ्या. जुन्या लंडनच्या वास्तू टिपायला १८७५मध्ये एक मंडळ स्थापन झालं, एक जुनी सराई पाडली जाणार होती त्या निमित्ताने. त्यांनी १८८६पर्यंत एकशे वीस फोटो प्रसिद्ध केले आणि छपाईसाठी कार्बन प्रिंट निवडले, कारण ते फिके पडत नाहीत. फोटो काढतानाच त्यांनी टिकण्याचाही विचार केला होता.

आजींचं राहिलं. त्या घरी परतल्यावर मी दोन दिवसांचे सगळे फोटो पुन्हा उघडून बसलो. टाकून द्यायच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये गल्लीचा एक फोटो मिळाला. मधेच स्कूटर उभी होती आणि वरून केबलचं भेंडोळं लोंबत होतं, म्हणून मी तो बाजूला काढला होता. त्यात डावीकडून चौथ्या घराचं दार उघडं होतं. फोटो मोठा केला तर आत जिन्याची खालची पायरी दिसली आणि खांबाचा तळ. तळाला एक टवका उडालेला. तीन पोपटांपैकी एकाच खांबाला तो टवका होता. मी आजींना फोन करून विचारलं, डावीकडून चौथं घर का? त्या म्हणाल्या, "हो. आणि तो टवका माझ्या भावाने विटीदांडू खेळताना उडवलाय."

बाकीच्या दोन पोपटांची घरं अजून सापडलेली नाहीत. ते फोटो स्क्रीनवर ठेवतोय. कुणाला ओळखता आले तर खाली लिहा.